जबड्यावरचा मणी

माझी मावशी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, दातांवरून ओळखते. रस्त्यात कुणी हसून हात केला की तीही हसून हात करते आणि चार पावलं पुढे गेल्यावर मला म्हणते, "कोण होते कोण जाणे, पण वरचा डावा सुळा माझाच."

ती कवळ्या बनवते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक खोली आहे, ती तिची लॅब. खिडकीशी लांब बाक, त्यावर छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, वेगवेगळ्या टोकांच्या सुऱ्या. कोपऱ्यात प्लास्टर घासायचं यंत्र. ते सुरू झालं की खालून हाक येते, "ताई, माझ्या घड्याळांना कापरं भरलं!" मावशी वरून ओरडते, "मग वेळेवर चालतील एकदाची!" प्लास्टरची धूळ सगळ्यावर बसते, तिच्या भुवयांवरही. काका नळदुरुस्तीची कामं करतात. ते म्हणतात, "आमची बाई सकाळी तरुण जाते आणि संध्याकाळी म्हातारी होऊन येते."

दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. एका ट्रेमध्ये मऊ लगदा भरून तो दातांवर दाबायचा, घट्ट झाला की काढायचा. त्या मापात मावशी प्लास्टर ओतते. तासाभराने एक पांढरा जबडा बाहेर येतो. त्यावर मेण, मेणात दात, मग पुढचं सगळं. हे जबडे फळीवर ओळीने मांडलेले असतात आणि नवीन माणूस खोलीत आला की जरा दचकतो. मावशीला त्यांची सोबत वाटते. "भांडत नाहीत, चहा मागत नाहीत," ती म्हणते.

मापात हवेचा बुडबुडा अडकला, तर प्लास्टरच्या जबड्यावर त्या जागी बारीक गोळी उमटते. लॅबमध्ये तिला मणी म्हणतात. मणी राहिला तर वर बसवलेली कवळी डुगडुगते. म्हणून मणी दिसला की सुरीच्या टोकाने उडवायचा, ही पहिली शिकवण. मावशीचा हात हे काम तिला न विचारताच करतो, जसा आपला हात दुसऱ्याच्या बाहीवरचा दोरा काढतो.

ती या धंद्यात आली तीच मुळी गिऱ्हाईक म्हणून. कॉलेजात असताना तिचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. त्याआधी बरेच दिवस हिरड्यांतून रक्त येत होतं. माझी आजी म्हणाली, तिथे ब्रश लावू नकोस, जपून राहा. मावशी जपून राहिली. दात काही राहिले नाहीत. घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही, कारण आजीचेही ऐन तारुण्यात गेले होते. 'आपल्या घराण्यात दात टिकत नाहीत' हे वाक्य आमच्याकडे 'आपल्याकडे सगळे उंच' अशा चालीवर म्हटलं जाई. मावशी पुढचे दोन दात बसवून घ्यायला गेली, तिथे वितळत्या मेणाचा वास आला, कुणीतरी दाताला दात जुळवताना दिसलं, आणि ती तिथेच शिकायला राहिली. ते दोन दात तिने पुढे स्वतःच्या हाताने नव्याने केले. इतके चांगले, की तिच्या मुलीलाही ते खोटे असल्याचं फक्त ऐकूनच माहीत होतं. मावशीला त्या दातांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. काकांनीसुद्धा नाही, असं काका सांगतात. पण काका काहीही सांगतात.

तिची मुलगी म्हणजे खारू. दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आले, तेव्हा ते तिच्या एवढ्याशा चेहऱ्यात मावेनात. काका तिला खारूताई म्हणाले आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव तिथेच संपलं. तेव्हापासून दर वाढदिवसाला मावशी तिच्या वरच्या दातांचं माप घेते. दुसऱ्यांच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा असतात, यांच्याकडे लॅबच्या खिडकीत खारूचे जबडे आहेत. पहिल्यात खिंडारं, मग अर्धवट उगवलेले सुळे, मग भरत गेलेली कमान. खारू मैत्रिणींना घेऊन येई आणि म्हणे, "ही मी तिसरीत. ही मी पाचवीत. ही मी आईवर रागावलेली, बघ, जीभ मध्ये घातली होती."

पंधराव्या वाढदिवसाला मात्र ती नाही म्हणाली.

"लहान आहे का मी आता? ओकारी येते त्या लगद्याने."

"दरवर्षी येते आणि दरवर्षी केक खाताना जाते," मावशी म्हणाली. "आ कर."

खारूने आ केला. ट्रे काढताना तिने डोळे मिटून घेतले आणि लगेच बेसिनकडे जाऊन चूळ भरली. नळ बराच वेळ चालू होता. मापाचा लगदा गुलाबी रंगाचा असतो, त्यात काही मिसळलं असेल तर ते दिसलं नाही. मावशीने प्लास्टर ओतलं, जबडा काढला, उजेडात धरला. पुढच्या दोन दातांच्या मधोमध, हिरडीच्या टोकाला, एक गोल मणी होता. शेजारी आणखी एक, लहान. सुरीचं टोक आलं, दोन्ही गेले. कड गुळगुळीत झाली. जबडा ओळीत जाऊन बसला आणि सगळ्यांनी केक खाल्ला.

त्यानंतरच्या महिन्यांत जे घडलं ते आता सांगताना स्पष्ट दिसतं, तेव्हा ते घरातल्या इतर आवाजांत मिसळून गेलं होतं. खारू सफरचंद अख्खं चावून खायची, ती आता सुरीने फोडी करून मागे, आणि त्याही दाढेकडून खाई. हसताना तोंडावर हात नेई. काका म्हणाले, वयात आल्या की मुली लाजतात. तिचा ब्रश महिनोन् महिने नव्यासारखा राही, केस सरळ उभे. मावशीने तो मला कौतुकाने दाखवला होता. "बघ, किती हलक्या हाताने घासते. नाहीतर तू, ब्रश आहे की झाडू, कळत नाही."

एकदा खारूने सांगितलंही होतं. शाळेला निघताना, बूट घालता घालता.

"आई, घासताना रक्त येतं."

"मग हळू घास. काही दिवस तिथे लावूच नकोस ब्रश. जपून राहा."

आजीचं वाक्य, आजीच्याच सुरात. ते तिच्या तोंडून कसं आलं हे मावशीला आजही सांगता येत नाही. दिवसभर दात हाताळणाऱ्या बाईच्या घरी याहून वेगळं काही व्हायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण दिव्याखाली अंधार असतो म्हणतात ते खोटं नाही, आणि मावशीकडे तोंडं कधी येतच नव्हती. यायची ती तोंडांची मापं. प्लास्टरला रंग नसतो. ते सुजलं तरी पांढरं आणि बरं झालं तरी पांढरं.

ज्या डॉक्टरीणबाई मावशीला सर्वांत जास्त काम देतात, त्या एका दुपारी स्वतः जिने चढून आल्या. एका आजोबांची कवळी परत आणली होती.

"ताई, आजोबा म्हणतात दात फार पांढरे आहेत. वयाला शोभत नाहीत."

"मागच्या वेळी पिवळे आहेत म्हणून भांडले होते ना?"

"तेव्हा आजी सोबत आल्या होत्या."

दोघी हसल्या. मावशी रंगांच्या पट्ट्या काढेपर्यंत डॉक्टर खिडकीशी गेल्या. खारूची ओळ त्यांनी याआधीही पाहिली असेल, पण आज हातात काही नव्हतं म्हणून त्यांनी शेवटचे दोन जबडे उचलले. एक या हातात, एक त्या हातात. बराच वेळ बघत राहिल्या.

"ही कोण?"

"आमची खारू. डावीकडचा चौदाचा, उजवीकडचा पंधराचा."

"वर्षात पुढच्या दातांमध्ये फट पडलीय. आणि हा दात किंचित खाली आलाय." त्यांनी नखाने दाखवलं. "पण हिरडीची कड इतकी साफ कशी? इथे काही होतं का?"

"मणी होते. काढले मी."

डॉक्टरांनी जबडा तिरपा करून उजेडात धरला. सुरीने घासलेल्या जागी प्लास्टर जरा चकाकतं.

"दोन्ही मणी बरोबर दातांच्या फटीतच?"

हवेचा बुडबुडा कुठेही अडकतो, टाळूवर, दाढेवर, कुठेही. हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. दोन्ही नेमके फटीतच उमटले, तर ती हवा नव्हे, सुजलेली हिरडी. हातातली रंगांची पट्टी तिने बाकावर ठेवली आणि ती पुन्हा उचलायला विसरली.

"उद्या घेऊन या तिला," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ताई, घाबरवू नका."

घाबरवायचं कोणी कोणाला, हा प्रश्नच होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खारू खुर्चीवर आडवी झाली आणि मावशी तिच्या पायाशी उभी राहिली. डॉक्टरांनी एक बारीक सळई घेतली, तिच्यावर रेघा होत्या. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत त्या ती अलगद उतरवत होत्या आणि किती खोल गेली ते मदतनीस मुलीला सांगत होत्या. बहुतेक ठिकाणी सळई जेमतेम आत जाई. पुढच्या दोन दातांशी आणि वरच्या पहिल्या दाढांशी ती जातच राहिली. मग प्रत्येक ठिकाणी लाल थेंब वर आला.

मावशी भिंतीला टेकली. असंख्य जबडे घासलेली बाई एका थेंबाने पांढरीफटक झाली.

खारूने तोंडातून सळई निघाल्याबरोबर म्हटलं, "डॉक्टर, आधी आईला बसवा खुर्चीवर."

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर लावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो. तो घासून काढला नाही तर हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. या वयात शरीरात इतकी उलथापालथ चालू असते की हिरड्या थोड्याशा थरानेही चटकन सुजतात. इथवर असेल तर नीट घासून आणि दवाखान्यात दात साफ करून घेऊन सगळं पूर्ववत होतं. बहुतेक मुलांचं इथेच थांबतं. पण काही थोड्या मुलांमध्ये, विशेषतः जिथे घरात आधी कुणाला झालेलं असतं, आजार हिरडीखाली वेगाने उतरतो आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजवतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. खारूचं तीन-चार जागी हाडापर्यंत गेलं होतं.

"भिंतीतली गळती," काका पुटपुटले. ते कामावरून थेट आले होते, हातात अजून पाना होता. "वरून रंग चांगला, आत ओल."

"अगदी," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे आमच्या घराण्याचंच," मावशी म्हणाली. "माझं झालं, माझ्या आईचं झालं. आता हिचं."

"घराण्यातून कल येतो, ताई. दात पडलेच पाहिजेत असं कुठे लिहून येत नाही. तुम्हाला तेव्हा कुणी तपासलं होतं?"

"नाही."

"मग तुमचे घराण्याने गेले की न तपासल्याने गेले, हे कसं सांगणार?" त्या खारूकडे वळल्या. "पुढचे दात जरा हलतायत, पण आज तरी जागेवर आहेत. ते तिथेच राहतील असा प्रयत्न आपण करू. अर्धं काम माझं, अर्धं तुझं. आणि एक लक्षात ठेव. रक्त येतंय म्हणून घासणं थांबवायचं नाही. रक्त येतंय याचा अर्थ तिथे मळ बसलाय, तिथेच घासायचंय."

खारूने आईकडे पाहिलं. मावशीने एक्स-रेकडे पाहिलं. सोनारानेच कान टोचावे म्हणतात. त्या दिवशी ते टोचले गेले, पण दुखलं ते मावशीला.

डॉक्टरांनी हिरडी बधिर करून दातांची मुळं खालपर्यंत साफ केली, एका वेळी एक बाजू. काही दिवसांच्या गोळ्या दिल्या. मऊ केसांचा ब्रश हिरडीकडे तिरपा धरून लहान लहान फिरवायचा, रेटायचा नाही. दातांच्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू वाटावं असा इवलासा ब्रश दिला.

घरी आल्यावर मावशीने जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. पंधराचा जबडा लॅबमधून आणला, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवली, उडवलेले दोन मणी मेणाने होते तिथे पुन्हा बसवले, आणि बेसिनच्या आरशाखाली तो ठेवून दिला. खारू घासायला आली की ही मागे उभी.

"तिरपा धर. इथे बघ, असा. नाही, असा."

तिसऱ्या सकाळी खारूचा ब्रश बेसिनमध्ये आपटला.

"मी तुझं गिऱ्हाईक नाहीये! आणि तूच म्हणाली होतीस ना, लावू नको ब्रश? जपून राहा? मी राहिले जपून!"

चुकलं, असं मावशी म्हणाली की नाही, ते मी नेमकं ऐकलं नाही. मी आतल्या खोलीत होते. पुढचं मात्र ऐकलं, कारण खारूचा आवाज एकदम लहान झाला.

"पडणार का गं ते? तुझ्यासारखे मलाही खोटे लावायचे?"

मग काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी डोकावले. मावशी आरशासमोर येऊन उभी होती. तिने अंगठा वरच्या दातांमागे घातला आणि ते दोन दात, त्यांच्या छोट्या गुलाबी पट्टीसकट, बाहेर काढून तळहातावर घेतले. तिचा ओठ आत गेला. ती माझ्या आजीसारखी दिसायला लागली.

"हे बघ," ती म्हणाली. शब्द फसफसत बाहेर येत होते. "बोट लाव. इथे हाड होतं. दात गेला की ते खाली बसतं. मी कितीही चांगला दात केला ना, हे मला करता येत नाही."

खारूने बोट लावलं. बराच वेळ ते तिथेच होतं.

"तू 'स' म्हण," ती अखेर म्हणाली.

"कफाला?"

"'कशाला' म्हणायचंय तुला?"

आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की काका स्वयंपाकघरातून ओरडले, "दात घासताय की दात काढताय?"

त्या दिवसापासून मागे उभं राहणं बंद झालं. दोघी शेजारी उभ्या राहून घासू लागल्या. मावशीला उरलेले दात होतेच, आणि तिच्याही हिरड्या डॉक्टरांनी तपासायला सांगितल्या होत्या. बेसिन लहान होतं, कोपरं लागत. "सरक गं, खोट्या दातांच्या मालकिणी," खारू म्हणे. पहिले काही दिवस खारूच्या फेसात लाली होती, मग फिकट होत गेली. आरशाखालचा जबडा पाणी लागून लागून पिवळट पडला. मग काकांनी त्यात साबण ठेवायला सुरुवात केली.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा सळईने मोजलं. बहुतेक जागा भरून आल्या होत्या. एका दाढेशी सळई अजून खोल जात होती. तिथे पुढे कदाचित हिरडी उघडून साफ करावी लागेल, त्यांनी सांगितलं, आणि दर तीन महिन्यांनी यावं लागेल, कंटाळा आला तरी. गेलेलं हाड तसंच्या तसं परत येत नाही. पुढच्या दातांमधली फट राहिली. खारू आता तिच्यातून शिट्टी वाजवायला शिकली आहे, हा घराला झालेला एकमेव तोटा. दात मात्र हलायचे थांबले. सफरचंद अजून फोडी करूनच खाते, पण पुढच्या दातांनी.

सोळाव्या वाढदिवसाला तिने स्वतःच लॅबमधल्या स्टुलावर बसून आ केला. मीही होते. ट्रे निघाला, तिने चूळ भरली, आणि पाणी कसं आहे ते तिघींनी वाकून पाहिलं. स्वच्छ होतं. खालून घड्याळजीने विचारलं, "झालं का? केक कापायचा की अजून दातच मोजताय?"

प्लास्टर घट्ट झालं. मावशीने जबडा काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचा सुरीकडे गेलेला हात मधेच थांबला. पुढच्या दोन दातांच्या जवळ एक मणी होता.

तिने सुरी खाली ठेवली. टॉर्च घेतला.

"आ कर."

"आत्ताच तर केला!"

"परत कर."

तिने टॉर्चच्या उजेडात ती जागा पाहिली, मग जबडा पाहिला, मग पुन्हा तोंड. ओठ बोटाने वर करून दोन्ही बाजूंनी पाहिलं. हिरडी फिकट गुलाबी होती, दातांमध्ये टोक काढून चपटी बसलेली. तिथे मण्यासारखं काही नव्हतं. मावशीने तो छोटा ब्रशही फटीतून फिरवून उजेडात धरला. पांढराच राहिला.

"बुडबुडा आहे नुसता," खारू तोंड उघडं ठेवूनच म्हणाली. "हवा."

"हो. हवा."

"मग काढ ना आता. नाहीतर मी वाकडी दिसेन ओळीत."

मावशीने सुरी तिच्या हातात दिली. "तूच काढ."

खारूने जीभ दातांत धरून, फार जपून, सुरीचं टोक लावलं. मणी टणकन उडून कुठेतरी बाकाखाली गेला. तिने त्या जागेवरून बोट फिरवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या हिरडीवरून.

"झालं," ती म्हणाली, आणि तोंडावर हात न नेता हसली.